ओहोटीची सुपारी

"द्वारके, पदर नीट घे आणि आज मेहेरबानी करून तोंड बंद ठेव," होडीत पाय टाकतानाच मामा म्हणाला.

"तोंड बंद ठेवायचं होतं तर मला घरीच ठेवायचंस."

"ठेवतच होतो. तूच हट्टाला पेटलीस."

ते मात्र खरं. आमच्यात मुलाचं घर बघायला मुलीकडचे पुरुष जातात, मुलीने जायची रीत नाही. मी म्हटलं, घर बघायचंय ना, मग त्या घरात राहणार कोण, मामा की मी? आई म्हणाली, अगो, जनाची नाही तर मनाची तरी ठेव. मामा म्हणाला, ह्या तोंडामुळेच चोविसावं उलटलं हिचं. बाबा काही बोलले नाहीत. बाबांनी आयुष्यात कुणाला 'नाही' म्हटलेलं मी पाहिलं नव्हतं, तेव्हा ती गप्पगिरी मी आपल्या बाजूची धरली आणि पहाटे त्यांच्या आधी धक्क्यावर जाऊन उभी राहिले.

माझ्या तोंडाचंही सांगून टाकते, उगाच मागाहून कळायला नको. आदल्या वर्षी एका स्थळाने मला 'जरा चालून दाखव' म्हणून सांगितलं होतं. मी म्हटलं, आधी तुमच्या मुलाला चालू दे, मग मी चालते. मुलगा उठला असता तर मी खरंच चालले असते. पण तो उठला नाही, त्याचा बाप उठला, आणि सगळे चहा अर्धा टाकून निघून गेले. त्यानंतर सात महिने आमच्या दारात स्थळ फिरकलं नाही. मग मामाने हे कांदळजुव्याचं काढलं.

जुवं म्हणजे बेट. आमची नदी खाली जाऊन खाडी होते, आणि त्या खाडीच्या मध्ये हे पन्नासेक घरांचं गाव. चारी अंगांना पाणी, पण पिण्याचं पाणी पलीकडच्या काठावरून होडीने भरून आणायचं. तिथे मुलगी द्यायला लोक दहा वेळा विचार करत. मामा म्हणाला, मुलगा निर्व्यसनी आहे, घरची होडी आहे, माडांची बाग आहे, आणखी काय सोन्याचा मुलगा हवाय? घर बघायला माघातल्या द्वादशीलाच या, असा तिकडून निरोप आला. आईला तेवढंच समाधान. म्हणाली, तिथीवार बघणारी माणसं दिसतात.

एकोणऐंशी सालची ही गोष्ट. आज माझे गुडघे मला जिना चढू देत नाहीत, पण ती होडी मला लख्ख आठवते. मामाने ठरवलेली मशीनची होडी, तिचा तांडेल सखाराम, पुढे बाबा धुतलेलं धोतर सांभाळत बसलेले. नदी रुंद होत गेली, काठ लांब गेले आणि ओठांवर खारट चव आली. आमच्या गावापर्यंत भरती पोचत नाही. आमच्याकडे नदीला एकच दिशा, खाली. इथे पाणी चक्क आमच्यासमोरून वर चढत होतं, आणि मी बावळटासारखी बघत होते.

नऊला जुव्यावर पोचलो तेव्हा पाणी धक्क्याच्या वरच्या पायरीला टेकलं होतं. उतरताना सखाराम तांडेल म्हणाला, "बाराच्या आत निघायला हवं हां. मग पाणी सोडून जातं."

"निघू, निघू," मामा म्हणाला.

खोटं कशाला बोलू, मला गाव आवडलं. शेणाने सारवलेली खळी, माडांच्या सावल्या, दारादारांत वाळत घातलेली जाळी. मुलाचा बाप सोनू गावकर, गावाचा पुढारी, धक्क्यावर स्वतः आला होता. बाबांना त्याने कडकडून मिठी मारली. मग माझ्याकडे बघून एक क्षण थबकला.

"ही कोण?"

"हीच ती," मामा ओशाळून म्हणाला. "ऐकतच नव्हती."

"अरे वा! पोरगीच आली? मग तर दुधात साखर!" गावकराचा चेहरा एकदम फुलला. मला वाटलं, किती मोकळ्या मनाची माणसं आहेत ही.

मुलगा लवू, तिशीचा, काळासावळा, दंड वल्ह्यांनी घट्ट झालेले. त्याने माझ्याकडे एकदा नीट बघितलं आणि मान खाली घातली. त्याचा थोरला भाऊ आत्माराम पानाचं तबक घेऊन मागे उभा होता. गूळपाणी झालं. घर दाखवलं, गोठा दाखवला, मग बाग. बागेतला एकेक माड दाखवला, तो कुणी लावला तेही सांगितलं. साडेअकराला सखाराम विचारायला आला, तर गावकर म्हणाला, "जेवल्याशिवाय? पहिल्यांदा आलेला पावणा उपाशी गेला तर गावाची अब्रू काय राहील?" आणि सखारामाला ताजी माडी प्यायला कुणीतरी घेऊन गेलं. तो परत आलाच नाही.

मी स्वयंपाकघरात गेले. तिथे आत्मारामाची बायको, सुभद्रावहिनी, पाट्यावर वाटण वाटत होती. तीसेक वर्षांची, लहानगी पोर पाठीशी लोंबकळलेली. मी म्हटलं, द्या मी वाटते. ती म्हणाली, बस गो, पावणी हायस. एक वाजत आला आणि चुलीवर नुसता भात. मी विचारलं, "वहिनी, कोंबडा कधी शिजणार?"

"कोंबडा अजून परसात फिरतोय," ती म्हणाली आणि फसकन हसली. "तो शिजायला नाय ठेवलेला, उशीर करायला ठेवलाय."

"म्हणजे?"

तिने दाराकडे बघितलं. मग वरवंटा थांबवून विचारलं, "तुला द्वादशीलाच का बोलावलं, माहीत हाय?"

"चांगली तिथी म्हणून."

"तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. बाराची पाऊणपट किती?"

"नऊ."

"नऊला पुरं पाणी. पावणे येतात तरंगत. बारानंतर खाजण उघडं पडतं, होडी चिखलात. तिला हलवायला पुढची भरती चढावी लागते, दिवेलागण होते. तोवर मुलीकडच्या बापयांना ओटीवर बसवायचं आणि सुपारी पुढे करायची. पाच-सहा तास कोण नाय म्हणत बसणार? घर त्यांचं, भात त्यांचा, वाट बंद." तिने परत वरवंटा धरला. "ह्या गावातल्या सगळ्या सुना अशाच आल्यात. ओहोटीच्या. माझा बाप तर रडला होता म्हणतात. चार वाजेपर्यंत बसला आणि मग फोडली त्याने सुपारी. मी तिकडे घरी चिंचा सोलत होते. मला दोन दिवसांनी कळलं."

"आणि तुम्ही काय म्हणालात?"

"मला कुणी विचारलं?" ती म्हणाली. "अकरा वर्षं झाली. पोर गोड हाय, नवरा मारत नाय. पण पुरणपोळी जरी असली ना गो, तोंडात कोंबली की ठसका लागतोच."

मी उठून मागच्या दाराने धक्क्यावर गेले. खाडी नव्हतीच तिथे! सकाळी पायरीला टेकलेलं पाणी कुठल्या कुठे गेलं होतं, आणि नजर जाईल तिथवर करडा, चकचकीत चिखल. आमची नांगरलेली होडी धक्क्यापासून तीस-चाळीस पावलांवर कुशीवर कलंडली होती. गावातल्या होड्याही तशाच आडव्या. सखाराम एका माडाखाली घोरत होता. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

ओटीवर आले तर तबक बाबांच्या पुढ्यात सरकलेलं, मध्ये सुपारी, आणि आत्मारामाच्या हातात अडकित्ता. सुपारी फोडली की शब्द दिला, सोयरीक पक्की. ती मोडायची म्हणजे दोन गावांत छी-थू. गावकर अगदी मायेने बोलत होता.

"पावणे, माझं काय म्हणणं? होडी सुटेल दिवेलागणीला. घरी पोचाल काळोखात. तुम्ही नुसते बापये असतात तर गोष्ट निराळी. पण तरणी मुलगी बरोबर. उद्या कुणी विचारलं, दिवसभर मुलाच्या घरी होती, रात्रीची आली, काय सांगाल? सुपारी फोडून जा, म्हणजे कुणाच्या तोंडाला बोलायला जागा नाय."

आत्ता मला त्याचं ते सकाळचं फुलणं कळलं. मी हट्टाने आले होते, आणि माझा हट्टच त्याने आमच्या गळ्यात बांधला होता.

"मामा," मी विचारलं, "तुला हे माहीत होतं?"

मामा अंगणात आलेल्या कोंबड्याकडे बघायला लागला. "माहीत असायला काय झालं? चांगलं घर आहे," तो पुटपुटला. "तूच आलीस ना हौसेने? आता भोग."

बाबांनी माझ्याकडे बघितलं नाही. त्यांनी हात पुढे केला, आत्मारामाने त्यात अडकित्ता ठेवला. बाबा नुसतीच त्याची पाती उघडत-मिटत राहिले. मला त्यांचा राग आला नाही. त्या हाताची कीव आली, आणि मग त्या ओटीवरच्या सगळ्या मिशांचा असा संताप आला की माझं मलाच कळेना. मी पुढे झाले आणि तबकातली सुपारी उचलली.

"ए पोरी!" गावकर ओरडला.

"ही फोडायची नाही."

"द्वारके, ठेव ती खाली!" मामा उठला.

"ठेवणार नाही. मला विचारायचंय ना? विचारा. पण होडी तरंगेल तेव्हा विचारा. मला जाता येत असेल तेव्हा विचारा. आत्ता मी 'हो' म्हटलं तरी ते माझं नाही, तुमच्या चिखलाचं."

"आणि तोवर?"

"तोवर मी आमच्या होडीत बसते. तुमच्या घरात दिवसभर होती, असं मग कुणाला म्हणता येणार नाही."

एवढं बोलून मी धक्क्याकडे चालू लागले, आणि पायरीवरून चिखलात पाय टाकला. आमच्या नदीला असला चिखल नाही. पहिल्या पावलाला घोटा गेला, चौथ्याला गुडघा. मागे बायका धावत आल्या होत्या, कुणी 'अगो रुतशील' ओरडत होतं, कुणी हसत होतं. दहाव्या पावलाला मी तोंडावर आपटले. बघण्याच्या कार्यक्रमाला नेसायची माझी ती एकुलती एक पाचवारी, गुलाबी काठांची, अख्खी माखली. सुपारी मुठीत घट्ट होती. उठले, परत पडले, आणि शेवटची काही पावलं अक्षरशः रांगत जाऊन होडीचा काठ धरला. आत चढून बसले तेव्हा अंगभर चिखल आणि डोळ्यांत पाणी. पण पाठ मी गावाकडे केली होती, ते कुणाला दिसलं नाही.

"बस! बस तिथंच करपत!" गावकराचा आवाज आला.

बसले. दोन वाजून गेले, तीन झाले. ऊन डोक्यावर, खेकडे भोकांतून बाहेर येऊन बघून जात. धक्क्यावर गाव गोळा झालेलं. आधी हसण्याचे आवाज येत होते, मग ते थांबले. मग बापये कंटाळून उठून गेले. बायका मात्र कामं टाकून तशाच बसून राहिल्या.

साडेतीनच्या सुमारास लवू आला. तो चिखलात बुडत नव्हता. एका फळीवर गुडघा टेकून दुसऱ्या पायाने रेटत आला, हातात लोटा.

"नको," मी म्हटलं.

"पाणी हाय हे. सुपारी नाय."

मी घटाघटा प्याले. तो फळीवर टेकून उभा राहिला, वर मात्र चढला नाही.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"होतं."

"मग?"

"मग काय. सरळ विचारलं तर कुणी मुलगी देत नाय. गावात सतरा जण बिनलग्नाचे हायत."

"म्हणून बायका चिखलात धरायच्या? खेकडे धरतात तशा?"

"नाय धरायच्या," तो म्हणाला. "पण मी आमच्या बाबांसमोर बोललो नाय. ते माझं चुकलं."

बस्स, एवढंच बोलला. आर्जव नाही, की बढाई नाही. लोटा घेतला आणि फळी रेटत परत गेला. आता एवढ्या वर्षांनी लपवून काय करू, मला तो त्या घडीला आवडला. आणि म्हणूनच माझा राग दुप्पट झाला. ह्या माणसाने आमच्या गावी येऊन, आमच्या पडवीत बसून विचारलं असतं, बाई, आमच्याकडे पाणी नाही, वीज नाही, येतेस का, तर मी कदाचित आले असते. तेही ह्यांनी माझ्याकडून काढून घेतलं होतं.

चार वाजता धक्क्यावर गलका झाला म्हणून मी वळून बघितलं. बाबा येत होते. धोतराचा काचा मारलेला, चपला हातात. मामा पायरीवरून ओरडत होता, "भावोजी, वेड लागलं काय!" बाबा मांडीपर्यंत रुतत, थांबत, धापा टाकत येत होते. मी हात देऊन त्यांना वर ओढलं. ते माझ्याशेजारी टेकले आणि चिखलाच्या हातांनीच तोंड पुसलं.

"कशाला आलात?" मी म्हटलं.

"तिथे बसवेना." मग जरा वेळाने म्हणाले, "गावकर परत सुपारी आणतो म्हणाला, घरात दुसरी आहे. मी त्याला नाही म्हटलं."

"तुम्ही?"

"हो. नाही म्हटलं." त्यांचं त्यांनाच नवल वाटत होतं. "काही झालं नाही गो. गप्प बसला तो."

मी त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले. लहान असतानाही मी तशी रडले नव्हते.

पाच वाजता चिखलात पाण्याची एक बारीक रेघ आली. मग दुसरी. साडेपाचला होडीखाली पाणी बुडबुडायला लागलं, आणि सहाला होडी एकदा डुलली आणि सरळ झाली. सखाराम डोळे चोळत पाण्यातून आला आणि बांबूने ढकलत त्याने होडी धक्क्यापासून चार-पाच पावलांवर आणली. मामा तोंड पाडून आत चढला. तेवढ्यात गावकर कमरेएवढ्या पाण्यात येऊन उभा राहिला. मागे लवू, आत्माराम, आणि धक्क्यावर अख्खं गाव.

"आलं पाणी," गावकर म्हणाला. "आता सांग. दिवसभर तमाशा केलास. हो की नाय?"

"नाही."

"का? काय खोट हाय माझ्या मुलात?"

"तुमच्या मुलात खोट नाही. पण लग्नाच्या आधी ज्या घराला मला विचारावंसं वाटलं नाही, ते घर लग्नानंतर काय विचारणार?" मी मूठ उघडली. सुपारीला माझ्या घामाचा आणि चिखलाचा थर बसला होता. ती मी लवूच्या हातात दिली. "ही घ्या. अख्खी आहे. पुढच्या वेळी तुम्ही स्वतः जा, आणि मुलीला विचारा."

लवूने मान हलवली. गावकर काहीतरी शिवी पुटपुटला आणि वळला. सखाराम मशीनपाशी वाकला.

"थांबा!"

सुभद्रावहिनी पायऱ्या उतरत होती. पोर कडेवर, हातात एक बोचकं. ती सरळ पाण्यात शिरली, नवऱ्याच्या बाजूने त्याच्याकडे न बघता पुढे आली आणि पोर माझ्या हातात दिली. मग काठाला धरून आत चढली.

"अगो, तू कुठं चाललीस?" आत्माराम भांबावून म्हणाला.

"होडीत बसलेय."

"ते दिसतंय! पण कशाला?"

"आता मला विचारा."

"काय विचारू?"

"ह्या घरात राहतेस का, म्हणून. माझ्या बापाला विचारलंत, मला राहिलंय विचारायचं. आता पाणी हाय. विचारा."

गावकर गर्रकन वळला. "सुभद्रे, खाली उतर!"

"मामंजी, तुम्ही नाय. त्यांनी विचारायचं."

धक्क्यावरच्या बायकांतून कुणीतरी मोठ्याने म्हणालं, "विचार की रे आत्मारामा!" मग दुसरी म्हणाली, "विचार!" मग चार-पाच जणी एकदम. आत्माराम बापाकडे बघत होता, बायकोकडे बघत होता. पाणी त्याच्या कमरेच्या वर चढत आलं होतं. शेवटी त्याने घसा खाकरला.

"राहतेस का?" तो म्हणाला. मग आणखी हळू, "सुभद्रा, राहतेस का गो?"

मला वाटलं, आता ही विरघळणार. तिचे डोळे भरलेही होते. पण तिने पदराने नाक पुसलं, पोरीला माझ्याकडून घेऊन मांडीवर नीट बसवलं, आणि नवऱ्या मुलाकडची माणसं चहापोहे खाऊन उठताना बोलतात ना, अगदी तसं म्हणाली, "माहेरी जाऊन विचार करते. आठ दिवसांत कळवते."

सखाराम तांडेल मामाकडे बघायला लागला. मामा तिच्या बोचक्याकडे.

"बघताय काय?" बाबा म्हणाले. "सोडा होडी."